लिनक्समध्ये रीबूट, मागे चालणारी कामं आणि व्हीएम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स वापरणारे परिचित आणि सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची. वरवर पाहता हे तीन वेगळे विषय आहेत. पण मशीन असो, प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) असो की व्हीएम (मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन), बहुतेक घोळ दोनच गोष्टी माहीत नसल्यामुळे होतात: हे काम कोणाच्या मालकीचं आहे, आणि त्याला थांबायला सांगितलं जातंय की त्याचा गळा दाबला जातोय.

१. 'रीबूट', 'शटडाउन -आर नाऊ', 'सिस्टमसीटीएल रीबूट' यांत फरक काय? नेमकं कोणतं वापरायचं?

आजच्या बहुतेक वितरणांत (उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्सच्या अवतारांत) सिस्टमडी, म्हणजे बूटपासून बंद होईपर्यंत सगळ्या सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम, आहे आणि तिथे तिन्ही आज्ञा एकाच दारातून आत जातात. 'रीबूट' आणि 'शटडाउन' हे तिथे 'सिस्टमसीटीएल'चेच दुवे असतात. जुन्या सवयीचं 'इनिट ६' सुद्धा तिथेच पोचायचं, पण २०२५ मध्ये सिस्टमडीच्या २५८व्या आवृत्तीत ती सोय काढली.

'शटडाउन'चा फायदा असा की त्याला वेळ आणि निरोप देता येतो. 'शटडाउन -आर +१०' म्हणजे दहा मिनिटांनी रीबूट, आणि तोवर लॉगिन केलेल्या सगळ्यांच्या टर्मिनलवर सूचना. विचार बदलला तर 'शटडाउन -सी'. दोन बारकावे लक्षात ठेवा. वेळ दिलीच नाही तर एक मिनिट धरलं जातं. आणि शेवटच्या पाच मिनिटांत '/रन/नोलॉगिन' ही फाइल तयार होते, त्यानंतर सामान्य वापरकर्त्याला नव्याने लॉगिन करता येत नाही. 'पासवर्ड बरोबर आहे तरी आत घेत नाही' अशी तक्रार आली की आधी ही फाइल बघा.

२. प्रत्येक अपडेटनंतर रीबूट करावंच लागतं का?

नाही. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलला असेल तर हो. सी लायब्ररी किंवा डी-बस (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणारी सोय) यांसारखा पायाचा भाग बदलला असेल तरीही रीबूट करणंच सोपं पडतं. बाकीच्या वेळी ती-ती सर्व्हिस पुन्हा सुरू केली की भागतं.

मुद्दा असा की डिस्कवरची लायब्ररी बदलली तरी चालू प्रोसेस जुनीच प्रत मेमरीत धरून बसते. सुरक्षेचं अपडेट बसवलं, पण सर्व्हिस महिनाभर तशीच चालू राहिली, तर ते भोक उघडंच राहिलं. डेबियन-उबुंटूवर 'नीडरीस्टार्ट' हे साधन अशा प्रोसेस शोधून देतं, आणि रीबूट हवं असेल तर '/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड' ही फाइल उगवते. फेडोरावर 'डीएनएफ नीड्स-रीस्टार्टिंग -आर' विचारा. चालू कर्नल 'युनेम -आर' सांगतं.

लाइव्ह पॅचिंगची मूळ सोय कर्नल ४.० मध्ये, २०१५ साली आली. तिच्यामुळे निवडक सुरक्षा-दुरुस्त्या चालू कर्नलमध्ये घालता येतात. पण त्यातून नवा कर्नल मिळत नाही, रीबूट फक्त सोयीच्या वेळेपर्यंत पुढे ढकलता येतं.

३. बंद होताना 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असं येतं आणि दीड मिनिट मशीन अडकतं. हे काय आहे?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. बंद होताना सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिसला सिगटर्म पाठवतं. त्याचा अर्थ 'आवरून घे'. मग वाट बघतं. मूळ मर्यादा ९० सेकंदांची आहे, फेडोराने ती ३८व्या आवृत्तीपासून ४५ सेकंदांवर आणली. तेवढ्यात सर्व्हिस थांबली नाही तर सिगकिल, म्हणजे थेट मारणं.

म्हणजे मशीन तिथे बिघडलेलं नसतं, कोणालातरी मुदत देत असतं. म्हणूनच 'ही मर्यादा पाच सेकंद करा' हा सगळीकडे सापडणारा सल्ला मला पटत नाही. डेटाबेसला खरोखरच वीस सेकंद लागत असतील, तर तुम्ही दर रीबूटला त्याची वीज काढताय.

आधी अडलंय कोण ते शोधा. पडद्यावर नाव दिसतंच, नाहीतर पुन्हा सुरू झाल्यावर 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' देऊन मागच्या बूटच्या नोंदींचं टोक वाचा. नेहमीचे आरोपी ठरलेले आहेत: नेटवर्क आधीच गेल्यामुळे सुटू न शकणारं नेटवर्क-माउंट, सिगटर्म न ऐकणारी तुमचीच एखादी स्क्रिप्ट, किंवा 'युजर मॅनेजर फॉर यूआयडी १०००'. हे शेवटचं नाव फसवं आहे. खरा गुन्हेगार त्या वापरकर्त्याच्या सत्रातली एखादी प्रोसेस असते, आणि नोंदींत ती दोन-चार ओळी वर सापडते.

दोषी सापडला की फक्त त्याच सर्व्हिसच्या फाइलमध्ये 'टाइमआउटस्टॉपसेक' कमी करा. सगळ्या मशीनची मर्यादा बदलू नका. अडकलेलं व्हीएम असेल तर प्रश्न २४ बघा, तिथे हिशेब वेगळा आहे.

४. 'रीबूट -एफ' दिलं की लगेच होतं. मग नेहमी तेच का नाही वापरायचं?

एकदा 'एफ' दिलं की सर्व्हिसेसना क्रमाने थांबवण्याची पायरी गाळली जाते. तरी प्रोसेस मारल्या जातात आणि फाइलसिस्टिम सोडवल्या जातात. दोनदा दिलं की तेही होत नाही, प्लग ओढल्यासारखंच. पहिला प्रकार अडचणीत वापरावा. दुसरा फक्त तेव्हा, जेव्हा नाहीतरी बटणच दाबणार होतात.

५. डेस्कटॉप पूर्ण गोठलाय, माउसही हलत नाही. बटण दाबून धरू?

शेवटी धरा, पण आधी तीन गोष्टी करून बघा.

बऱ्याचदा गोठलेला असतो तो फक्त ग्राफिक्सचा भाग. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करा (नेटवर्कवरून लॉगिन), किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुरी कन्सोल येतोय का बघा. आला तर दोषी प्रोसेस मारा, रीबूटची गरजच नाही. त्या कन्सोलवर दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तर सिस्टमडी कशाचीही वाट न बघता रीबूट करतं. वैतागून बडवलेल्या कीबोर्डची अशी अधिकृत दखल घेतलेली मला तरी दुसरीकडे दिसली नाही.

तेही नाही जमलं तर सिसरिक्यू, म्हणजे कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या कळा. ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून सावकाश एस, यू, बी: डिस्कवर लिहून टाक, फाइलसिस्टिम फक्त-वाचनीय कर, रीबूट कर. जुन्या पाठांतरात आधी आर, ई, आय ही अक्षरंही असतात. उबुंटूवर मात्र 'कर्नल.सिसरिक्यू'ची किंमत १७६ ठेवलेली असते, म्हणजे १२८ अधिक ३२ अधिक १६. त्यात रीबूट, फक्त-वाचनीय आणि लिहून टाकणं एवढंच येतं, सगळ्या प्रोसेस मारण्याची परवानगी नाही. त्यामुळे ई आणि आयला उत्तर मिळालं नाही तर तुमचं बोट चुकलेलं नाही.

आणि बटणच दाबावं लागलं तर? एक्सटी४ सारखी जर्नल ठेवणारी फाइलसिस्टिम स्वतःची रचना सावरते. पण प्रोग्रॅमने लिहिलेला आणि अजून डिस्कवर न पोचलेला मजकूर जातो. असा मजकूर मेमरीत साधारण ३० सेकंदांपर्यंत थांबू शकतो.

६. 'सॉफ्ट-रीबूट' आणि 'केएक्झेक' म्हणजे काय? डेस्कटॉपवर उपयोग आहे?

केएक्झेक नवा कर्नल थेट मेमरीत चढवून त्यात उडी मारतं आणि फर्मवेअरची (मशीन चालू होताच आधी धावणाऱ्या, यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रॅमची) तपासणी टाळतं. सॉफ्ट-रीबूट सिस्टमडी २५४ मध्ये, २०२३ साली आलं. त्यात कर्नल तोच राहतो आणि त्यावरचं सगळं नव्याने सुरू होतं. ज्या सर्व्हरला फर्मवेअरमधून बाहेर यायलाच कित्येक मिनिटं लागतात तिथे हे वरदान आहे. लॅपटॉपवर वाचतात ते काही सेकंद, आणि केएक्झेकनंतर ग्राफिक्स कार्ड रुसण्याची शक्यता पदरात पडते. मी वापरत नाही.

७. दूरच्या मशीनला एसएसएचवरून रीबूट करताना काय काळजी घ्यावी?

पहिली काळजी म्हणजे मशीन तेच आहे ना. दोन टर्मिनल शेजारी-शेजारी उघडी होती आणि मी घरच्या मशीनसाठीचं रीबूट भर कामाच्या वेळी सर्व्हरवर दिलं, हे एकदा घडलेलं आहे. त्यानंतर मी 'मॉली-गार्ड' बसवायला लागलो. एसएसएचवरून रीबूट दिलं की ते आधी मशीनचं नाव टाइप करायला लावतं. नाव चुकलं तर रीबूट रद्द.

दुसरी काळजी परत येण्याची. मशीन परत न येण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे 'एफएसटॅब'मधली (बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कच्या यादीतली) चुकलेली ओळ. एक डिस्क सापडली नाही की बूट थांबतं आणि मशीन आपत्कालीन मोडमध्ये, तुमच्यापासून कोसभर दूर, पासवर्ड विचारत बसतं. म्हणून आधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा, आणि बूटसाठी आवश्यक नसलेल्या प्रत्येक डिस्कला 'नोफेल' लावा. तिसरी गोष्ट, कर्नल पॅनिक झाल्यावर (कर्नलच कोसळल्यावर) मूळ मांडणीत बहुधा मशीन तसंच उभं राहतं. 'कर्नल.पॅनिक'ला १० किंमत दिली की दहा सेकंदांनी ते स्वतःच रीबूट होतं.

एक जुनी युक्तीही सांगतो. फायरवॉलचे नियम बदलायचे असतील तर आधी 'शटडाउन -आर +१०' लावून ठेवा. नियम चुकले आणि तुम्हीच बाहेर राहिलात तर दहा मिनिटांत रीबूट होऊन जुने नियम परततात. जमलं तर 'शटडाउन -सी'. अट एकच: नवे नियम तोवर कायमचे साठवायचे नाहीत.

८. रात्री मशीन आपोआप रीबूट झालं. कारण कसं कळेल?

'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स'ने यादी काढा आणि मागच्या बूटचा शेवट वाचा. शेवटी सर्व्हिसेस ओळीने थांबलेल्या दिसल्या तर कोणीतरी किंवा कशानेतरी रीतसर रीबूट मागितलं, बहुधा आपोआप होणाऱ्या अपडेटने. नोंदी वाक्य अर्धवट टाकावं तशा तुटल्या असतील तर वीज गेली, यंत्र तापलं, किंवा कर्नल जागीच अडकला. यादीत एकच बूट दिसत असेल तर नोंदी मेमरीतच ठेवल्या जातायत. '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी तयार करून जर्नलची सर्व्हिस पुन्हा सुरू करा, पुढच्या वेळी पुरावा राहील.

९. आज्ञेच्या शेवटी & लावलं होतं, तरी टर्मिनल बंद केल्यावर काम मेलं. कधीकधी मात्र मरत नाही. का?

& एवढंच सांगतं की शेलने (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, बहुधा बॅशने) वाट बघू नये. काम अजूनही त्याच टर्मिनलच्या सत्रात असतं.

टर्मिनलची खिडकी बंद केली किंवा एसएसएच तुटलं की कर्नल शेलला सिगहप पाठवतो. टेलिफोनचा रिसीव्हर ठेवण्याच्या काळातलं हे नाव आहे. बॅश तोच सिग्नल आपल्या सगळ्या कामांना वाटतं आणि ती मरतात. पण तुम्ही 'एक्झिट' लिहून शेल रीतसर बंद केलंत, तर बॅश मूळ मांडणीत मागच्या कामांना सिगहप पाठवत नाही, त्यासाठीचा 'हपऑनएक्झिट' हा पर्याय बंद असतो. त्यामुळे तेच काम 'एक्झिट'नंतर जगतं आणि खिडकीच्या फुलीवर टिचकी मारल्यावर मरतं. नशिबावर सोडायचं नसेल तर पुढचा प्रश्न.

१०. 'नोहप', 'डिसओन', 'स्क्रीन', 'टीमक्स' यांपैकी काय वापरू?

परत येऊन बघायचं असेल तर टीमक्स. मी जवळजवळ नेहमी तेच वापरतो. स्क्रीन १९८७ पासून आहे, टीमक्स २००७ पासून, आणि दोन्हींचं तत्त्व एकच: तुमचं काम त्यांच्या टर्मिनलमध्ये चालतं, तुम्ही फक्त खिडकीतून डोकावता. खिडकी बंद झाली तरी खोली तशीच राहते.

सुरू करून विसरायचं असेल तर 'नोहप'. ते सिगहपकडे कानाडोळा करायला लावतं आणि आउटपुट टर्मिनलवर जाणार असेल तर 'नोहप.आउट'मध्ये वळवतं. ही फाइल फुगून डिस्क भरल्याची उदाहरणं कमी नाहीत, आउटपुट स्वतःच नीट वळवलेलं बरं. 'डिसओन' हे आधी विसरलेल्यांसाठी आहे.

११. काम सुरू करून तास झाला, आता घरी निघायचंय. बंद न करता मागे कसं ढकलू?

कंट्रोल-झेड, मग 'बीजी', मग 'डिसओन -एच'. काम जगेल. पण त्याचं आउटपुट जुन्याच टर्मिनलकडे बांधलेलं राहतं, आणि ते टर्मिनल गेल्यावर तिथे लिहायला गेलेला प्रोग्रॅम चुकीने थांबू शकतो. 'रेप्टायर' नावाचं साधन चालू प्रोसेस उचलून टीमक्समध्ये आणून बसवतं. बहुतेक वेळा जमतं.

१२. टीमक्समध्येच चालवलं होतं, तरी लॉगआउट केल्यावर सगळं गेलं! दोष टीमक्सचा नसावा असा संशय आहे.

तुमचा संशय बरोबर आहे, टीमक्स निर्दोष आहे. सिस्टमडीमध्ये 'किलयुजरप्रोसेसेस' नावाची मांडणी आहे. ती चालू असेल तर लॉगआउटबरोबर त्या सत्रातली प्रत्येक प्रोसेस मारली जाते, सिगहपकडे कानाडोळा करणारीसुद्धा. २०१६ मध्ये २३०व्या आवृत्तीत ती मूळातच चालू ठेवली आणि बराच गदारोळ झाला. डेबियनसह अनेक वितरणांनी ती पुन्हा बंद केली. तुमच्याकडे काय आहे ते 'लॉगिनडी.कॉन्फ'मध्ये दिसेल.

उपाय म्हणजे काम सत्राच्या मालकीतून काढून वापरकर्त्याच्या मालकीत द्यायचं. 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' दिलं की तुमचा वापरकर्ता-मॅनेजर तुम्ही लॉगिन नसतानाही जिवंत राहतो. मग 'सिस्टमडी-रन --युजर --स्कोप टीमक्स'. फक्त लिंगर चालू करून टीमक्स नेहमीसारखं सुरू केलं तर ते सत्रातच राहतं आणि उपयोग होत नाही. इथे बरेच जण फसतात.

१३. मागे ढकललेलं काम पुढे सरकतच नाही. 'स्टॉप्ड' दिसतं.

ते तुमच्याकडून उत्तराची वाट बघतंय. मागे असलेल्या कामाने कीबोर्ड वाचायचा प्रयत्न केला की कर्नल त्याला थांबवतो. 'एफजी' देऊन पुढे आणा, विचारलेल्या 'हो की नाही'चं उत्तर द्या, पुन्हा मागे पाठवा.

१४. 'किल -९' देऊनही प्रोसेस मरत नाही. असं कसं?

'पीएस'मध्ये (प्रोसेसची यादी देणाऱ्या आज्ञेत) तिची अवस्था बघा.

झेड असेल तर ती आधीच मेलीय. यादीत उरलाय तो फक्त निकालाचा कागद, जो पालक-प्रोसेसने अजून उचललेला नाही. मेलेल्याला मारता येत नाही. पालकाला थांबवा, नोंद आपोआप साफ होईल. दोन-चार झोंबी निरुपद्रवी असतात, उगाच मागे लागू नका.

डी असेल तर प्रोसेस कर्नलच्या आत, बहुधा डिस्क किंवा नेटवर्क-फाइलसिस्टिमच्या उत्तराची वाट बघत अडकलीय. बाहेर येईपर्यंत तिला सिग्नल पोचतच नाही. गायब झालेला एनएफएस सर्व्हर परत आणा, प्रोसेस लगेच सुटेल. मरू लागलेल्या डिस्कमुळे असेल तर रीबूट, आणि तेही प्रश्न ४ मधल्या दुसऱ्या प्रकाराने करावं लागू शकतं. प्रोसेसर रिकामा असूनही लोड अॅव्हरेज (मशीनवरच्या ताणाचा सरासरी आकडा) चढलेला दिसतो तो याच मंडळींमुळे. लिनक्समध्ये १९९३ पासून त्यांचीही गणती त्यात होते.

आणि सुरुवातच -९ ने करू नका. साधं 'किल' म्हणजे सिगटर्म, त्यात प्रोग्रॅमला फाइल बंद करायची संधी मिळते. 'पीकिल -एफ' वापरण्याआधी तोच शब्द 'पीग्रेप -एफ'ला देऊन काय काय गळाला लागतंय ते बघा. 'किलऑल'ची सवय मात्र लिनक्सपुरतीच ठेवा, सोलारिसवर ते नावाप्रमाणे सगळंच मारतं.

१५. लांबलचक काम मध्येच फक्त 'किल्ड' एवढं लिहून संपतं.

मेमरी संपली आणि कर्नलने बळी निवडला. 'जर्नलसीटीएल -के'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. स्क्रिप्टमध्ये निकाल-क्रमांक १३७ दिसेल, म्हणजे १२८ अधिक ९. बळी बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणारा असतो, आणि डेस्कटॉपवर तो मान व्हीएमकडे किंवा ब्राउझरकडे जातो. १६ जीबी मशीनवर व्हीएमला १४ जीबी देणाऱ्यांचा हा प्रश्न दर महिन्याला येतो.

१६. रीबूटनंतर माझी स्क्रिप्ट आपोआप सुरू व्हायला हवी. क्रॉनचं (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सर्व्हिसचं) @रीबूट चालेल?

छोट्या, एकदाच चालून संपणाऱ्या कामासाठी चालेल. पण नेटवर्क आलंय का, डिस्क जोडली गेलीय का, हे क्रॉन बघत नाही. स्क्रिप्ट मेली तर उठवतही नाही. सतत चालणाऱ्या कामासाठी सिस्टमडी सर्व्हिस लिहा. दहाबारा ओळी लागतात. 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' ठेवा आणि 'सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ' द्या. 'स्टार्ट' फक्त आत्तापुरतं असतं आणि 'एनेबल' फक्त पुढच्या बूटपासूनचं, हे विसरल्यामुळे 'काल चालू होती' ही तक्रार येते. हाताने चालवताना चालते पण सर्व्हिस म्हणून चालत नाही, असं झालं तर पहिला संशय पाथवर (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीवर) घ्या आणि सगळे पत्ते पूर्ण लिहा.

१७. केव्हीएम, क्यूईएमयू, लिबव्हर्ट, व्हर्ट-मॅनेजर... यातलं व्हीएम नक्की कोण चालवतं?

केव्हीएम हा कर्नलचा भाग आहे, २००७ मध्ये २.६.२० पासून. तो प्रोसेसरची आभासीकरणाची सोय वापरू देतो. क्यूईएमयू हा साधा प्रोग्रॅम डिस्क, नेटवर्क कार्ड, पडदा यांची सोंगं वठवतो. लिबव्हर्ट व्यवस्थापक आहे. व्हर्ट-मॅनेजर किंवा ग्नोम बॉक्सेस हे त्याचे दर्शनी चेहरे.

म्हणजे तुमचं अख्खं व्हीएम हे होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनच्या, दृष्टीने एक प्रोसेस आहे. तिला 'किल' दिलं तर आतल्या विंडोजला काहीही कळत नाही, अगदी साध्या सिगटर्मनेही. क्यूईएमयू विनम्रपणे बंद होतं, आतल्याची वीज जाते. व्हीएम असह्य संथ चालत असेल तर '/डेव्ह/केव्हीएम' आहे का बघा. नसेल तर बहुधा फर्मवेअरमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही (प्रोसेसरची तीच आभासीकरणाची सोय) बंद आहे आणि क्यूईएमयू सगळा प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये रंगवतंय.

१८. कर्नल अपडेट केल्यावर व्हर्च्युअलबॉक्स सुरूच होत नाही.

व्हर्च्युअलबॉक्स हा व्हीएम चालवणारा वेगळा प्रोग्रॅम आहे. त्याची मोड्यूलं (कर्नलमध्ये चढवायचे तुकडे) कर्नलच्या बाहेर बांधली जातात, त्यामुळे नव्या कर्नलसाठी ती पुन्हा बांधावी लागतात. नव्या कर्नलचे हेडर बसवलेले नसतील तर हे बांधकाम मुकाट्याने फसतं. मोड्यूल बांधलं गेलं पण चढत नाही, असं असेल तर सिक्युअर बूट (सही नसलेला कोड नाकारणारी फर्मवेअरची सोय) चालू आहे आणि मोड्यूलवर सही नाही. सहीची किल्ली नोंदवा, ती मान्य करायला रीबूट लागतं आणि तेव्हा येणाऱ्या निळ्या पडद्यावर घाईत पुढे गेलात तर सगळं पहिल्यापासून.

तिसरं कारण नवं आहे. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम मोड्यूल चढताक्षणीच प्रोसेसरची आभासीकरणाची सोय ताब्यात घेतं. पूर्वी पहिलं व्हीएम सुरू होईपर्यंत थांबायचं. त्यामुळे केव्हीएम नुसतं जागं असलं तरी व्हर्च्युअलबॉक्स अडू शकतं. केव्हीएम वापरत नसाल तर ते मोड्यूल उतरवा, किंवा बूटच्या वेळी त्याच्या 'एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड'ला ० द्या.

१९. 'व्हर्श डिस्ट्रॉय' दिलं तर माझं व्हीएम पुसलं जाईल का?

नाही. 'व्हर्श' ही लिबव्हर्टची आज्ञा. नाव भयंकर, काम साधं: वीज काढणं. डिस्क शाबूत राहते, आतला न साठवलेला मजकूर जातो. रीतसर बंद करण्यासाठी 'व्हर्श शटडाउन' आहे. ते आतल्या सिस्टिमला बटण दाबल्याची खूण करतं, ऐकायचं की नाही ते तिच्यावर. खरी जपून वापरायची आज्ञा 'अनडिफाइन', ती व्हीएमची मांडणीच काढून टाकते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये अशीच जोडी 'एसीपीआयपॉवरबटन' आणि 'पॉवरऑफ' यांची.

२०. व्हीएमची रॅम वाढवली, आतून रीबूटही केलं, तरी जुनीच दिसते.

आतून रीबूट झालं तरी होस्टवरची क्यूईएमयू प्रोसेस तीच राहते. नवी मांडणी ती प्रोसेस नव्याने जन्मल्यावरच वाचली जाते. व्हीएम पूर्ण बंद करा, मग चालू करा. आणि आधी 'मॅनेज्डसेव्ह' करून ठेवलेलं असेल तर तेही चालणार नाही, कारण जागं होताना जुनीच मेमरी परत येते.

२१. लॉगआउट केलं तरी व्हीएम चालू राहायला हवं.

पुन्हा मालकीचाच प्रश्न. लिबव्हर्टच्या 'सिस्टिम' जोडणीतलं व्हीएम मशीनच्या मालकीचं असतं, तुम्ही गेल्याने त्याला फरक पडत नाही. बूटबरोबर सुरू व्हायला त्याला 'व्हर्श ऑटोस्टार्ट' द्या. ग्नोम बॉक्सेसमधलं व्हीएम 'सेशन' जोडणीत, म्हणजे तुमच्या मालकीचं, त्याला प्रश्न १२ चा नियम लागतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये खिडकीसह सुरू केलेलं व्हीएम डेस्कटॉपबरोबर जातं, 'हेडलेस' सुरू करा.

२२. लॅपटॉप झोपून उठला की व्हीएमचं घड्याळ मागे पडतं, मग लॉगिनही होत नाही.

झोपेचा काळ आतल्या सिस्टिमने पाहिलेलाच नसतो. आत क्यूईएमयू गेस्ट एजंट बसवलं की 'व्हर्श डोमटाइम --सिंक' देता येतं. घड्याळ जुळवायला क्रोनी वापरत असाल तर त्याला मोठी उडी कधीही मारू द्या. मूळ मांडणीत बऱ्याच ठिकाणी ती मुभा फक्त सुरुवातीच्या काही मोजमापांपुरती असते.

२३. होस्ट रीबूट केला तर चालू व्हीएमचं काय होतं?

'लिबव्हर्ट-गेस्ट्स' ही सर्व्हिस चालू आहे की नाही यावर सगळं आहे. नसेल तर बंद होण्याच्या गर्दीत व्हीएमची वीज जाऊ शकते. तेव्हा आधी ती 'एनेबल' करा.

तिच्या मांडणीत 'ऑन_शटडाउन'ला दोन पर्याय आहेत. 'सस्पेंड' म्हणजे मेमरी डिस्कवर उतरवून ठेवणं. उठल्यावर सगळं होतं तिथून पुढे. पण त्यासाठी व्हीएमच्या वापरातल्या मेमरीएवढी जागा '/व्हार'मध्ये लागते, घड्याळाचा घोळ होतो, आणि ग्राफिक्स कार्ड थेट दिलेलं व्हीएम असं उतरवताच येत नाही. 'शटडाउन'मध्ये प्रत्येकाला बटणाची खूण जाते. डेटाबेस असलेल्या व्हीएमसाठी मी हेच ठेवतो, कारण आठवडाभर जुनी, अर्धवट जागी झालेली जोडणी सांभाळण्यापेक्षा स्वच्छ सुरुवात बरी.

२४. व्हीएम बंद होत नाही म्हणून होस्टही बंद होत नाही. ९० सेकंदांची मर्यादा इथे का लागत नाही?

कारण 'लिबव्हर्ट-गेस्ट्स'ला सिस्टमडीची मर्यादा मुद्दाम लावलेली नाही. ती स्वतःची मुदत पाळते, मूळ मांडणीत ३०० सेकंद, आणि 'पॅरलल_शटडाउन' ० असेल तर व्हीएम एकामागून एक बंद करते. त्यातल्या लिनक्समध्ये एखादा 'स्टॉप जॉब' अडकला तर त्याचे ९० सेकंद तिच्या मुदतीतून जातात. आत विंडोज 'न साठवलेली फाइल आहे' असं विचारत बसलं असेल, तर ते विचारणं बघायला पडद्यासमोर कोणीच नसतं.

आधी व्हीएमच्या आतलं कारण प्रश्न ३ प्रमाणे शोधा. मग 'पॅरलल_शटडाउन'ला व्हीएमच्या संख्येएवढी किंमत द्या, आणि होस्टची मुदत आतल्या मुदतीपेक्षा नेहमी मोठी ठेवा. उलट झालं तर आतलं मशीन नीट आवरत असतानाच बाहेरचं त्याची वीज काढतं. आत्ताच अडकून बसला असाल तर दुसऱ्या टर्मिनलवरून 'व्हर्श लिस्ट'ने नाव बघा आणि त्या एकट्यालाच 'डिस्ट्रॉय' द्या. होस्टचं बटण दाबलंत तर बाकीच्या व्हीएमचीही वीज त्याच्याबरोबर जाईल.